चौथ्या चाकाची किंमत

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की मंगरूळपीरच्या बाजार समितीकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या जोडीला एक बुटके चारचाकी वाहन हमखास दिसते. त्यात कधी सोयाबीनचे कट्टे असतात, कधी तुरीचे. हंगाम सरला की तेच वाहन लग्नाच्या मंडपाचे बांबू वाहते, शेळ्या वाहते, भाजीच्या टोपल्या वाहते, आणि दादा हयात कलंदरांच्या उरुसाला दुकानदारांचा मालही वाहते. कागदोपत्री त्याचे नाव ‘टाटा एस’. लोकांनी मात्र त्याचे बारसे केव्हाच उरकून टाकले आहे, ‘छोटा हत्ती’!

ज्या गावात रेल्वे येत नाही, त्या गावाला अशा वाहनाची किंमत सांगावी लागत नाही. पण हे वाहन कोणाच्या डोक्यातून निघाले, त्यासाठी कोणी किती वर्षे घालवली, हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. वस्तू दुकानात येते, आपण ती घेतो, बिघडली तर कंपनीच्या नावाने बोटे मोडतो. तिच्यामागचा माणूस आपल्याला दिसत नाही.

आणि गंमत अशी, की तो माणूस कित्येकदा आपल्याच गल्लीतला असतो. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत वऱ्हाडातली हजारो मुले इंजिनिअर होऊन पुण्याला, पिंपरी-चिंचवडला, चाकणला गेली. आईला कोणी विचारले तर ती अभिमानाने सांगते, “पोरगा पुण्याले कंपनीत हाये.” कंपनीत तो नेमके करतो काय, असे पुढे विचारले की माउली गप्प होते. डॉक्टर, वकील, मास्तर यांचे काम सांगता येते. ‘प्रॉडक्ट डेव्हलपमेंट’मधल्या इंजिनिअरचे काम घरच्यांना कसे समजावावे?

नसलेली वस्तू

कारखान्यात ढोबळमानाने दोन प्रकारचे इंजिनिअर असतात. एकाचे काम असते आजची वस्तू उद्याही तशीच तयार करण्याचे. दहा हजारावा नग पहिल्या नगासारखा निघाला पाहिजे, ही त्याची परीक्षा. दुसऱ्याच्या पुढे वस्तूच नसते. अजून जगात नसलेली वस्तू कशी असावी, कोणासाठी असावी, किती रुपयांत बसावी, हे त्याला ठरवायचे असते. हा दुसरा म्हणजे आपला नायक.

त्याचा प्रवास ठरलेल्या वळणांनी जातो. आधी कल्पना, मग संगणकावरचे आरेखन, मग हाताने जुळवलेला पहिला नमुना. नमुना तोडून-मोडून पाहायचा, पुन्हा करायचा. मग पोलादाचे मोठे साचे बनवायचे, थोडे नग काढून बघायचे आणि शेवटी पूर्ण वेगाने उत्पादन. यात एक कठोर हिशेब दडलेला आहे. चूक आरेखनात सापडली तर एका संध्याकाळी दुरुस्त होते. नमुन्यात सापडली तर महिना जातो. साचे तयार झाल्यावर सापडली तर लाखो रुपये पाण्यात. आणि गिऱ्हाइकाच्या हाती गेल्यावर सापडली तर पैशांबरोबर नावही जाते. म्हणून या माणसाचे सगळे कौशल्य सुरुवातीला योग्य प्रश्न विचारण्यात असते.

वाहन असेल तर आणखी एक दार ओलांडावे लागते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार नव्या वाहनाचा नमुना अधिकृत संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. पुण्याची ‘एआरएआय’ ही त्यातली एक महत्त्वाची संस्था, 1966 साली स्थापन झालेली. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळ्याची तिथे झडती होते.

नांगरापासूनची वाट

महाराष्ट्राला हे काम नवे नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात गेले. डोळ्यांना काही रंग ओळखू येत नाहीत असे लक्षात आले, तेव्हा रंग सोडून ते यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत त्यांनी शिकवले, बेळगावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. नांगर उत्तम होता, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. पुढे 1910 साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती या नांगराच्या बळावर.

वस्तू चांगली असणे वेगळे आणि ती घेणाऱ्याच्या मनात बसणे वेगळे, हा धडा त्या दोन वर्षांनी दिला. शंभर वर्षांनी पुण्यातल्या एका इंजिनिअरच्या वाट्याला तोच धडा दोनदा आला. एकदा गोड, एकदा कडू.

मान आणि माल

गिरीश वाघ हे पुण्याच्या ‘एमआयटी’तून यंत्र अभियांत्रिकी शिकलेले. 1992 साली ते त्या वेळच्या ‘टेल्को’त, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, दाखल झाले. 2000 सालच्या अखेरीस त्यांच्याकडे एका छोट्या मालवाहू गाडीचे काम आले. कंपनीला मोठ्या ट्रकचा अनुभव दांडगा होता, पण छोट्या मालाची सारी वाहतूक तीनचाकी रिक्षा-टेम्पोंच्या हाती होती. ते स्वस्त होते, गल्लीबोळात वळत होते. त्यांच्याशी टक्कर द्यायची तर काय द्यायचे?

वाघ आणि त्यांचे सहकारी तीनचाकी चालवणाऱ्यांकडे गेले. मालक, चालक, व्यापारी, जो भेटेल त्याला विचारत राहिले. भाडे किती मिळते, तेल किती लागते, हे तर विचारलेच, पण तीन चाके असताना चौथे कशाला हवे, हेही विचारले. त्यांना मिळालेले एक उत्तर पुढे बरेच गाजले. एका चालकाच्या म्हणण्याचा आशय असा होता, की माझ्याकडे चार चाकांची गाडी असती, तर गावात माझे लग्न जमणे सोपे गेले असते!

वरवर पाहता हसण्यासारखे वाक्य. पण आपल्याकडे वधूपित्याची नजर कुठे कुठे फिरते हे ज्याला माहीत आहे, तो हसणार नाही. त्या चालकाला माल वाहायचा होता आणि त्याबरोबर मानही हवा होता. हे उत्तर कोणत्याही आरेखनाच्या पुस्तकात सापडले नसते.

मग सुरू झाली काटकसर. नवे इंजिन उभे करण्याऐवजी ‘इंडिका’ मोटारीच्या 1405 सीसीच्या चार सिलिंडरी डिझेल इंजिनाचे जणू दोन तुकडे केले गेले आणि दोन सिलिंडरचे सुमारे 702 सीसीचे इंजिन तयार झाले. सांगायला सोपे, पण दोन सिलिंडरचे इंजिन चारपेक्षा जास्त थरथरते. ती थरथर चालकाच्या पाठीपर्यंत पोहोचू न देणे हे एक स्वतंत्र काम. गाडी पाऊण टन ओझ्याची, म्हणजे पन्नास किलोचे पंधरा कट्टे. आता, कागदावर किती लिहिले आहे आणि प्रत्यक्षात किती लादले जाते यातले अंतर आपल्याकडच्या कोणत्याही अडत्याला विचारा. ते अंतर धरूनच सांगाडा आणि कमानपाटे बेतावे लागतात.

मे 2005 मध्ये ही गाडी सुमारे सव्वादोन लाख रुपयांना बाजारात आली. दोन वर्षांच्या आत एक लाख गाड्या विकल्या गेल्या, आणि 2017 पर्यंत या मालिकेने वीस लाखांचा टप्पा गाठला. मोठे ट्रक महामार्गावर धावावेत आणि तिथून गावापर्यंतचा माल छोट्या गाडीने न्यावा, अशी नवी विभागणी देशभर होऊ लागली होती. आज समृद्धी महामार्ग आपल्याच तालुक्यातल्या शेलूबाजारजवळून जातो, तेव्हा ही विभागणी आपल्याला घरबसल्या पाहता येते.

तोच माणूस, दुसरी गाडी

‘एस’च्या यशानंतर वाघ यांच्यावर दुसरी जबाबदारी आली, ‘नॅनो’ची. स्कूटरवर पावसात भिजत चाललेले चौघांचे कुटुंब पाहून रतन टाटांना सुचलेली ही लाख रुपयांची मोटार. 10 जानेवारी 2008 रोजी दिल्लीत ती लोकांपुढे आली, तेव्हा जगभरची वर्तमानपत्रे तिच्याविषयी लिहीत होती. इंजिनिअरिंग म्हणून ती खरोखरच अचंबित करणारी होती. इंजिन मागे, दोन सिलिंडरचे. समोरच्या काचेला एकच वायपर. चाकाला चारऐवजी तीन नट. प्रत्येक सुट्या भागाला जणू विचारले गेले होते, तुझ्यावाचून चालेल का?

पुढची कथा आपण जाणतोच. पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला जमिनीवरून आंदोलन पेटले आणि ऑक्टोबर 2008 मध्ये प्रकल्प गुजरातेत साणंदला हलला. गाडी गिऱ्हाइकांच्या हाती पडायला जुलै 2009 उजाडला. काही गाड्यांना आग लागल्याच्या बातम्या आल्या. साणंदच्या कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाखांची. पण सर्वांत चांगल्या वर्षी, 2011-12 मध्ये, जेमतेम पाऊण लाख गाड्या खपल्या. 2018 सरता सरता उत्पादन थांबले.

कारणे अनेक होती. पण खुद्द रतन टाटांनीच नंतर बोलून दाखवले, की ‘सर्वांत स्वस्त मोटार’ म्हणून तिची ओळख झाली, हे चुकले. आता त्या तीनचाकीवाल्याचे उत्तर आठवा. चौथे चाक हवे होते ते मानासाठी. ‘एस’ने ते चाक दिले आणि मालकाची ऐपत वाढल्याचे गावाला दिसले. ‘नॅनो’नेही चार चाके दिली, पण दाराशी उभी राहिली की ती शेजाऱ्याला सांगू लागली, यांना याहून महाग परवडत नव्हती. स्कूटरवरच्या कुटुंबाला ऊन-पावसापासून आडोसा हवा होता यात शंका नाही. पण स्वस्तपणाचा शिक्का कपाळी मारून घ्यायला ते तयार नव्हते.

एकच माणूस, दोन्ही कामांत तीच जिद्द आणि तीच काटकसर. फळे मात्र वेगळी. या व्यवसायाचे खरे रूप हे आहे. इथे चार-पाच वर्षांची मेहनत एका हंगामात डोक्यावर घेतली जाते किंवा धुळीला मिळते. कित्येक वस्तू तर बाजारापर्यंत पोहोचतच नाहीत, नमुन्यातच संपतात. तरी कारकीर्द तिथे संपत नाही. वाघ पुढे व्यापारी वाहनांच्या विभागाचे प्रमुख झाले, 2021 मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. ‘एस’ची विजेवर चालणारी आवृत्ती 2022 साली आली. फसलेल्या वस्तूतून शिकलेला इंजिनिअर कारखान्याला नकोसा होत नाही, उलट हवासा होतो.

आपल्या अंगणातले प्रश्न

ज्या घरात दहावी-बारावीचे मूल आहे, तिथे हा विषय आज ना उद्या निघणारच. मुलगा किंवा मुलगी रेडिओ उघडून बसते, सायकल खोलते, म्हणून तिला इंजिनिअर करावे, असे आपण म्हणतो. ते ठीकच. गणित हवे, आरेखन हवे, धातू आणि प्लॅस्टिकची ओळख हवी. सुरुवातीची काही वर्षे एखाद्या बिजागरीवर किंवा कंसावर काढण्याचा धीरही हवा, कारण पूर्ण गाडी कोणाच्याच हाती पहिल्या दिवशी देत नाहीत. पण त्याच्या जोडीला अनोळखी माणसाशी बोलण्याची, त्याचे म्हणणे न हसता ऐकून घेण्याची सवय हवी. ती कोणत्याही प्रवेश परीक्षेत तपासली जात नाही.

ही सवय आपल्या मुलांना घरातच लागू शकते, कारण न सुटलेले प्रश्न त्यांच्या अंगणात आहेत. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने छोटी डाळ गिरणी विकसित केली, ती वऱ्हाडातल्या कितीतरी गावांत पोहोचली. कारण तूर आमची आणि डाळ दुसऱ्याची, हे दुखणे तिथल्या लोकांना ठाऊक होते. पण असे सुटलेले प्रश्न थोडे. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात 2017 साली कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. फवारा अंगावर, तोंडावर येत होता. तोंडाला फडके, हातात मोजे, अंगात जाड कोट घाला, असे सांगणे सोपे आहे. पण भादव्या-आश्विनाच्या उकाड्यात, पाठीवर भरलेला पंप घेऊन दिवसभर ते अंगावर ठेवता येते का, हे तो कोट बेतणाऱ्याला कोणी सांगायचे?

मंगरूळपीरच्या एखाद्या घरातल्या मुलाने आपल्या काकाला तो कोट काढून बांधावर टाकताना पाहिलेले असते. तो का काढला, हे त्याला विचारावे लागत नाही. उद्या हाच मुलगा पुण्याच्या एखाद्या कारखान्यात संगणकासमोर बसेल, तेव्हा काकाचे ते कोट काढणे त्याने विसरू नये. आणि सुटीत घरी आला की आपणही त्याला पगार किती, एवढेच न विचारता विचारावे, “बाळा, सध्या काय बनवतो आहेस? आणि ते कोणाला विचारून?”