विमानाच्या पोटातले पंख

संध्याकाळी घाटकोपरच्या आमच्या गच्चीवर उभे राहिले की सांताक्रूझकडे उतरणारी विमाने डोक्यावरून जातात. मुले त्यांचे पंख न्याहाळतात. पण वाचकहो, जेट एंजिनाच्या पोटातही शेकडो इवले पंख असतात, हे ठाऊक आहे का? टर्बाइनचे प्रत्येक पाते म्हणजे एक छोटा पंखच. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या या पात्यांची एक खोड आहे: हवा त्यांच्या फुगीर पाठीला सोडून जाते. ती सुटली की शक्ती वाया जाते आणि इंधन जास्त जळते. तो खर्च शेवटी आपल्या तिकिटातच येणार!

हवा सुटते कशी? उतारावरून सायकल सोडा. आलेल्या वेगावर ती समोरचा चढ चढून जाते. पण ब्रेक चाकाला घासत असेल तर अर्ध्या चढावरच थांबते आणि मागे घसरते. पात्याच्या पाठीवर हवा आधी वेग घेते, मग तिला वाढत्या दाबाचा चढ लागतो. पात्याला खेटून असलेला पातळ थर घर्षणाने आधीच दमलेला असतो. तो थांबतो, उलटा फिरतो आणि वरच्या हवेला घेऊन पात्यापासून दूर होतो.

हे कोडे १९०४ साली जर्मनीच्या लुडविग प्रांटल यांनी उलगडले. या थराला आपण सीमास्तर म्हणतो. याच प्रांटल यांच्या हाताखाली गोटिंगेनला शिकून आपल्या विष्णू माधव घाटगे यांनी १९३६ साली डॉक्टरेट मिळवली. पुढे बंगलोरला त्यांनी एचटी-२ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान घडवले. ते १९५१ साली उडाले. १९६४ साली आकाशात गेलेले ‘किरण’ जेटही त्यांच्याच देखरेखीखाली तयार झाले. क्रिकेटपटूंची नावे पाठ असणाऱ्या आपल्या घरांत हे नाव किती जणांना माहीत असेल?

क्रिकेटवरून आठवले. दमलेल्या थरावरचा उपाय क्रिकेटच्या चेंडूवरच आहे. शिवणीने थर खवळला की वरची वेगवान हवा खाली मिसळते, थराला जोर येतो आणि तो चेंडूला अधिक वेळ चिकटून राहतो. त्या बाजूची हवा उशिरा सुटते, म्हणून चेंडू स्विंग होतो. शांत प्रवाहापेक्षा खवळलेला बरा, ही गंमतच! घर्षण थोडे वाढते, पण सौदा परवडतो.

पस्तीस हजार फुटांवर हवेची घनता जमिनीवरच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होते. तिथे टर्बाइनच्या मागच्या पात्यांवरचा थर आपण होऊन खवळत नाही, आणि हवा लवकर सुटते. अमेरिकन वायुदलाच्या संशोधकांनी १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून पात्याच्या बारीक भोकांतून हवेचे झोत सोडून पाहिले. सततच्या धारेऐवजी थांबून थांबून फुंकर घातली, तरी काम होते आणि हवाही कमी लागते.

केंब्रिजच्या हॉडसन यांनी याहून स्वस्त वाट अभ्यासली. एंजिनात पुढच्या रांगेतल्या पात्यामागून खवळलेल्या हवेचा पट्टा निघतो आणि मागच्या रांगेवर आदळतो. प्रत्येक पट्ट्यासरशी मागच्या पात्यांवरचा थर ढवळला जातो आणि सुटू पाहणारी हवा पुन्हा चिकटते. फुंकर घालायला भोकेही नकोत! हा हिशेब धरून पाती आखली, की प्रत्येक पात्यावर जास्त भार टाकता येतो. पाती कमी लागतात आणि एंजिन हलके होते.