महाबळेश्वरचं विमान उतरतं कुठे?

दोन गावांची नावं टाकली की हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ काढून देणारी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. त्यात महाबळेश्वर आणि कोल्हापूर टाकलं तर 155 किलोमीटरच्या आसपास आकडा मिळतो. गणित बरोबर आहे, पण विमान नाही. महाबळेश्वरला विमानतळच नाही.

मग कराड? धावपट्टी आहे, नकाशावर 'कराड विमानतळ' असं नावही दिसतं, पण तिथून नियमित प्रवासी सेवा नाही. सांगली जिल्ह्यातूनही प्रवासी विमान सुटत नाही. त्यामुळे उरतात पुण्याचं लोहगाव, कोल्हापूरचं उजळाईवाडी आणि मुंबई.

सगळ्यात मोठा घोटाळा सरळ रेषेच्या अंतराने होतो. महाबळेश्वरहून मुंबई विमानतळ आणि कोल्हापूर विमानतळ सरळ रेषेत जवळपास सारख्याच अंतरावर आहेत, दोन्हीकडे साधारण 155 किलोमीटर. गाडीने मात्र कोल्हापूर 180-190 किलोमीटर पडतं आणि मुंबई पुण्यावरून 260 च्या पुढे जाते. कारण सह्याद्री. महाबळेश्वर ऐन कड्यावर वसलं आहे, कोकण पायथ्याशी दिसतं, पण सरळ रेषेत उतरता येत नाही. कोल्हापूरची वाट घाटमाथ्यावरच राहते. साताऱ्यापर्यंत उतरलं की पुढे सरळ महामार्ग. लोहगाव सरळ रेषेत 80 किलोमीटरही नाही, तरी रस्त्याने 125-130 धरावे लागतात.

"अंतर निम्मं म्हणजे वेळही निम्मा" हाही असाच एक समज. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे 1,140 किलोमीटर, वेळापत्रकातला वेळ सव्वादोन तासांच्या आसपास. कोल्हापूर-मुंबई जेमतेम 310 किलोमीटर, म्हणजे चौथ्या हिश्श्याच्या थोडं वर. वेळ मात्र तासाभराचा! वेळापत्रकात विमान जागेवरून हलल्यापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा सगळा वेळ मोजतात. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढण, उतरण, मुंबईच्या आकाशात नंबर लागण्याची वाट, हे सगळं अंतर कमी झालं म्हणून कमी होत नाही. छोट्या मार्गावर पूर्ण वेगाने उडायला विमानाला थोडाच वेळ मिळतो. कोल्हापूर-मुंबई अंतराचा आकडा कुठे 166 दिसला तर दचकू नका. तो सागरी मैलांत आहे, एक सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर.

मुंबईकराने पुण्यापर्यंत विमानाने येऊन पुढे टॅक्सी करावी, असाही सल्ला कुणीतरी देतंच. विमानतळावर तासभर आधी पोहोचायचं, सामानासाठी थांबायचं, मग लोहगावातून पुणं ओलांडायचं. तेवढ्यात द्रुतगती मार्गाने निघालेली गाडी वाईच्या जवळ आलेली असते. बंगळूर-दिल्लीहून येणाऱ्याला मात्र पुणंच सोयीचं.

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं. तिथून पनवेल, महाड, पोलादपूर करत आंबेनळी घाटाने यायचं तर साधारण 200 किलोमीटर, म्हणजे पुण्याचा वळसा वाचतो. पण ही वाट कोरड्या दिवसांची. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत आंबेनळी घाट खचून वाहतूक बंद पडली होती. पावसाळ्याचं तिकीट काढणाऱ्याने लोहगाव आणि वाईपुढचा पसरणी घाटच धरावा, आणि सुट्टीच्या दिवशी पसरणीत लागणाऱ्या रांगेसाठी दोनेक तास जास्तीचे ठेवावेत.