आपण स्वतःशी काय बोलतो? स्वसंवाद, अंतर्मन आणि धम्म

दिवसभरात आपण सर्वांत जास्त बोलतो ते स्वतःशीच. 'हे मला जमणार नाही', 'पुन्हा माझेच चुकले', 'लोक काय म्हणतील' अशी वाक्ये ओठांवर न येता मनात सतत चालू असतात. यालाच स्वसंवाद म्हणतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी असो, नव्या नोकरीत रुजू झालेली तरुणी असो की चळवळीतला कार्यकर्ता, या मूक बोलण्याचा प्रत्येकाच्या निर्णयांवर परिणाम होतो. म्हणून हा विषय आपण नीट समजून घेतला पाहिजे.

बाह्यमन आणि अंतर्मन

सायकल शिकताना सुरुवातीला प्रत्येक हालचालीकडे लक्ष द्यावे लागते. सराव झाला की पाय आपोआप चालतात. वाक्यांचेही तसेच आहे. 'मला इंग्रजी येत नाही' हे वाक्य पहिल्यांदा आपण जाणीवपूर्वक म्हणतो. तेच शेकडो वेळा म्हटले की ते अंतर्मनात मुरते. मग मुलाखतीला बसताच, विचार करण्याआधीच घसा कोरडा पडतो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आरोन बेक यांना १९६० च्या दशकात नैराश्याच्या रुग्णांवर उपचार करताना हेच दिसले. रुग्णांच्या मनात काही विचार इतक्या झटकन येत, की रुग्ण ते न तपासताच खरे मानत. बेक यांनी त्यांना 'स्वयंचलित विचार' म्हटले आणि ते पकडून, पुरावा मागून तपासण्याची उपचारपद्धती विकसित केली.

बौद्ध परंपरेला ही गोष्ट अपरिचित नाही. मज्झिम निकायातील द्वेधावितक्क सुत्तात तथागत सांगतात की माणूस ज्या विचारांचे वारंवार चिंतन करतो, त्यांच्याकडेच त्याचे चित्त झुकते. चूळवेदल्ल सुत्तात भिक्खुणी धम्मदिन्ना वितक्क आणि विचार यांना वाणीचा संस्कार म्हणतात, कारण माणूस आधी मनात योजतो आणि मगच बोलतो. मनाच्या तळाशी दडून राहणाऱ्या प्रवृत्तींना पालीत 'अनुसय' असा शब्द आहे. पुढे असंग आणि वसुबंधू या आचार्यांनी आलयविज्ञानाची मांडणी केली. आपली प्रत्येक कृती तिथे बीज टाकते आणि योग्य परिस्थिती मिळाली की ते उगवते.

हा आवाज नेमका कोणाचा?

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांच्या मते, मूल आधी इतरांशी बोलते, मग स्वतःशी मोठ्याने बोलते आणि शेवटी तेच बोलणे मनात जाते. म्हणजे मनातला आवाज पूर्णपणे आपला नसतो. त्यात घर, शाळा आणि समाज बोलत असतात. जातिग्रस्त समाजात तो कोणती भाषा बोलत असेल, हे वेगळे सांगायला नको.

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील शाळकरी मुलांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. जात जाहीर केली नव्हती, तेव्हा तथाकथित उच्च आणि खालच्या जातींतील मुलांच्या कामगिरीत विशेष फरक नव्हता. सर्वांसमोर जात पुकारताच तथाकथित खालच्या जातींतील मुलांची कामगिरी घसरली. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांची बुद्धी काही मिनिटांत कमी होत नाही. आपल्याला न्याय्य वागणूक मिळेल हा विश्वास ढळतो, असे संशोधकांचे म्हणणे होते. 'कोट्यातून आलेला' हा टोमणा रोज ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने हे लक्षात ठेवावे. 'मी कमी आहे' हे वाक्य त्याने रचलेले नाही, ते त्याच्या मनात पेरले गेले आहे.

खोटी स्तुती की प्रतिज्ञा?

मग आरशासमोर 'मी सर्वश्रेष्ठ आहे' असे रोज म्हणावे का? कॅनडातील जोआन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या अभ्यासात स्वतःबद्दल गोड वाक्ये घोकल्यावर कमी आत्मसन्मान असलेल्यांना उलट जास्त वाईट वाटले. न पटणारे वाक्य म्हटले की मन लगेच विरोधी पुरावे पुढे करते.

इथे पंचशील आपल्याला वाट दाखवते. 'समादियामि' म्हणजे 'मी ग्रहण करतो'. आपण 'मी निर्दोष आहे' असे म्हणत नाही, तर 'मी ही शिकवण आचरण्याचा निश्चय करतो' असे म्हणतो. हे वाक्य खरे असते, म्हणून मन ते स्वीकारते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञाही 'मी' या शब्दातच आहेत. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'तू कोण आहेस' हे दुसऱ्यांनी सांगितले, त्या लाखोंनी त्या दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगितले की आपण काय मानणार, काय नाकारणार आणि कसे वागणार. आमच्या मते स्वसंवाद बदलण्याचे याहून मोठे सामूहिक उदाहरण सापडणे कठीण आहे.

सराव कसा करावा?

१. वाक्य पकडा. रोज दहा मिनिटे आनापानसती करा. मनात उमटलेले वाक्य शब्दशः वहीत लिहा.

२. पुरावा मागा. हे पहिल्यांदा कोणी म्हटले? ते खरे कशावरून? केवळ ऐकले म्हणून मानू नका, ही तथागतांची कालामांना दिलेली शिकवण स्वतःच्या मनालाही लावा.

३. खुंटी बदला. वितक्कसंठान सुत्तात सुताराची उपमा आहे. तो बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो. 'मला गणित येत नाही' याऐवजी 'शेकडेवारीची उदाहरणे चुकतात, रोज दहा सोडवीन' असे म्हणा.

४. स्वतःला नावाने हाक मारा. ईथन क्रॉस यांच्या २०१४ च्या संशोधनात 'मी' ऐवजी स्वतःचे नाव घेऊन विचार करणाऱ्यांना तणाव हाताळणे सोपे गेले. मित्राला जसा धीर देतो, तसाच स्वतःला द्या.

५. दुसरा बाण टाळा. सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत आहे. नापास होणे हा पहिला बाण. 'माझे आयुष्यच वाया गेले' हा दुसरा, आणि तो आपणच मारून घेतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. स्वसंवाद हा अन्यायावरचा उपाय नव्हे. भेदभाव होत असेल तर लेखी तक्रार करा, संघटनेला सांगा, कायद्याचा आधार घ्या. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी लोकांचा स्वाभिमान जागवला आणि चवदार तळ्याचे पाणीही घेतले. मन आणि समाज, दोन्ही बदलायचे आहेत. जगणेच नकोसे वाटत असेल तर एकट्याने झुंजू नका. जवळच्या माणसाशी बोला आणि 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. ही सेवा चोवीस तास सुरू असते.

विहारात आपण पंचशील मोठ्याने म्हणतो. बाहेर पडल्यावर मनात काय म्हणतो, याकडेही आजपासून लक्ष देऊ या.

नमो बुद्धाय! जय भीम!