तूर नेमकी अडते कुठे?

'उत्पादन व्यवस्थापन' म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईचे मोठे कारखाने येतात. तंत्रनिकेतनात हा विषय शिकवताना मला मात्र दूरची उदाहरणे लागत नाहीत. आपल्या कलबुर्गीला कन्नडमध्ये 'तोगरी कणज' म्हणतात, म्हणजे तुरीचे कोठार. 'गुलबर्गा तूरडाळी'ला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. या विषयाची मूलतत्त्वे इथल्या कोणत्याही डाळ मिलमध्ये दिसतात.

तुरीचे साल डाळीला घट्ट चिकटलेले असते, मध्ये डिंकासारखा थर असतो. म्हणून तूर आधी चाळायची, रोलरवर दाण्याला ओरखडे काढायचे, तेल चोळायचे, पाणी लावून मुरू द्यायचे आणि उन्हात वाळवायचे. मगच साल काढणे, भरडणे आणि डाळ, चुरी, भुसा वेगळे करणे. जात्यावर डाळ करणाऱ्या आपल्या आज्या तूर भिजवून तिला लाल माती लावत आणि वाळवत, तेही याच कारणासाठी.

आळंद तालुक्यात ओळखीच्या एका कुटुंबाची छोटी मिल आहे. हंगामात माल तुंबतो म्हणून दुप्पट क्षमतेचे यंत्र घ्यायचे त्यांनी ठरवले होते. त्यासाठी कर्ज, आणि कर्जासाठी शेत तारण. यंत्र कोणते घ्यावे, एवढेच विचारायला त्यांनी मला बोलावले. मी दिवसभर घड्याळ घेऊन मिलमध्ये बसलो. भर दुपारी यंत्र बंद होते. वीज होती, माणसे होती, पण वाळलेली तूर नव्हती. अंगणातल्या तुरीत हात फिरवत घरातल्या आजी म्हणाल्या, "बिसलु नम्म कैयाग इल्ल, सर. ऊन पडंल तसं वाळंल."

उत्तर तिथेच होते. समजा, चाळणी दिवसाला १० क्विंटल काढते, भरडण्याचे यंत्र १५ आणि अंगणात वाळते ६. मग डाळ ६ क्विंटल तुरीचीच होणार. यंत्र ३० क्विंटलचे आणले तरी तेवढीच. उरलेली तूर पोत्यांत पडून राहणार आणि व्याज मात्र चढत जाणार. अशा अडणाऱ्या जागेला आमच्या विषयात 'बॉटलनेक' म्हणतात. एलियाहू गोल्डरॅट आणि जेफ कॉक्स यांच्या १९८४ मधील 'द गोल' या कादंबरीने हाच विचार जगभर पोचवला. अडणारी जागा शोधा, तिचा वेळ वाया घालवू नका आणि बाकीची कामे तिच्या चालीने चालवा.

त्या घराने यंत्र लांबणीवर टाकले. शेजारच्या पडीक जागेत फरशी टाकून वाळवण वाढवले. तुरीचा थर पातळ केला, ताडपत्री हाताशी ठेवली. चाळणी वाळवणाला पुरेल एवढीच चालू लागली. हे पटायला मोठ्या माणसांना वेळ लागला, कारण बंद यंत्र म्हणजे आळस असे त्यांना वाटे. पण शेत तारण जायचे वाचले.

हालचालींचाही हिशेब असतो. अमेरिकेत फ्रँक गिलब्रेथ यांनी विटा कमरेच्या उंचीवर ठेवून गवंड्याच्या १८ हालचाली सुमारे ५ वर आणल्या. १९२४ मध्ये ते वारल्यावर पत्नी लिलियन यांनी हीच दृष्टी स्वयंपाकघराकडे वळवली. या मिलमध्येही पोती आणि सुपे ओट्यावर आली, तेव्हा डाळ निवडणाऱ्या बायकांच्या कमरेला पहिला आराम मिळाला.

आणि वेगाइतकाच उतारा महत्त्वाचा. दाण्यात साल साधारण १५ टक्के, म्हणजे १०० किलो तुरीतून फार तर ८५ किलो डाळ. मिलमध्ये प्रत्यक्षात ७० ते ७५ किलोच मिळते. अर्धवट वाळलेली तूर घाईने घातली तर साल सुटत नाही, पुन्हा पुन्हा रोलरवर घालावी लागते आणि डाळीची चुरी होते.

धंदा पापडाचा असो, शिवणकामाचा असो की पिठाच्या गिरणीचा, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी दोन दिवस वही-घड्याळ घेऊन बसा. कोणत्या कामापुढे माल साठतो ते लिहून काढा. आणि ते काम घरातल्या ज्या बाईच्या हातून होते, तिला आधी विचारा.