मातीचे खातेपुस्तक

बँकेत असताना मी द्राक्षबागांची अनेक कर्जप्रकरणे तपासली. सातबारा पाहिला, जामीनदार पाहिले, मागील थकबाकी पाहिली. माती मात्र पाहिली नाही. निवृत्तीनंतर निफाड तालुक्यातील एका स्नेह्यांच्या बागेत गेलो, तेव्हा ही उणीव ध्यानी आली.

बागेच्या वरच्या अंगाला मुरमाड जमीन, खालच्या अंगाला काळी. ठिबकचे पाणी दोहोंना सारखेच मिळे. परिणामी वर वेली तहानलेल्या राहत आणि खाली प्राणवायूअभावी मुळे गुदमरत. आता दोन्ही भागांत, मुळांच्या कक्षेत, वेगवेगळ्या खोलीवर संवेदक पुरले आहेत.

यामागील तत्त्व सोपे आहे. पाण्याचा डायलेक्ट्रिक स्थिरांक सुमारे ८०, तर कोरड्या मातीचा अवघा ३ ते ५. या तफावतीवरून संवेदक ओलाव्याचे प्रमाण सांगतो. परंतु खात्यातील शिल्लक आणि प्रत्यक्ष काढता येणारी रक्कम यांत जसा भेद असतो, तसाच येथेही आहे. काळी माती बरेचसे पाणी घट्ट धरून ठेवते. ते वेलीच्या हाती लागत नाही. म्हणूनच जो आकडा मुरमाड जमिनीत सुबत्ता दाखवतो, तोच काळ्या जमिनीत टंचाई दाखवू शकतो. मुळांना पाणी ओढण्यास किती जोर लागेल, हे टेन्शिओमीटर सांगतो.

ऑक्टोबरच्या छाटणीपासून काढणीपर्यंत वेलीची गरज सतत बदलते. मणी पक्व होताना पाणी एकाएकी वाढले, तर ते तडकतात. अतिरिक्त पाण्याबरोबर नत्रही मुळांखाली वाहून जाते. आपल्यापैकी अनेक कुटुंबांची खते-औषधांची दुकाने आहेत. उधारीवर दिलेले खत असे वाहून गेले, तर शेतकऱ्याच्या पिकाबरोबर आपली वसुलीही बुडते. तेव्हा आणखी एक गोणी सुचवण्यापूर्वी ओलाव्याची नोंद विचारावी, यातच दोघांचे हित आहे.

मात्र यंत्र म्हणजे सर्वज्ञ नव्हे. एका जागचा संवेदक साऱ्या बागेची साक्ष देत नाही. प्रथम मातीचे प्रकार ओळखावेत, प्रत्येक प्रकारात निदान एक जागा निवडावी, हाताने माती उकरून आकडा पडताळावा आणि मगच खर्च वाढवावा.

आपण अप्काय जीव मानतो, पाणी गाळून पितो. घरातील हीच जयणा बांधावरही पाळता येते. गरजेपुरतेच पाणी सोडणे हा उत्तम हिशेब आहे आणि आपल्या दृष्टीने धर्मही आहे.