मॉकटेल नव्हे, सरबत!

'मॉकटेल' हा शब्द 'मॉक' आणि 'कॉकटेल' यांच्या जोडणीतून तयार झाला. मॉक म्हणजे नक्कल. खरे पेय मोठ्यांचे आणि मुलांच्या हातात त्याची नक्कल, असा अर्थ त्यात आपोआप येतो. मला तो पटत नाही. कोकम सरबत, पन्हे, शिकंजी ही पेये कशातून तरी मद्य काढून टाकून तयार झालेली नाहीत. ती मुळातच पूर्ण आहेत. वार्षिक दिनाला आपल्या शाळेत धाकट्या भावंडांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे येतात. त्या सगळ्यांना एकत्र घेता येईल असे पेय करणे अवघड नाही, पण त्यामागे थोडे शास्त्र आहे.

आधी नौदलातली एक गोष्ट. लांबच्या सफरीत खलाशांना स्कर्व्ही हा रोग होत असे. १७४७ साली ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी 'सॅलिसबरी' या जहाजावर १२ रुग्णांवर प्रयोग केला. ज्या दोघांना संत्री आणि लिंबे मिळाली, ते सर्वांत लवकर सुधारले. पुढे जहाजांवर लिंबाचा रस देऊ लागले. तो नासू नये म्हणून त्यात मद्य मिसळून ठेवत. १८६७ साली स्कॉटलंडच्या लॉकलन रोझ यांनी मद्याऐवजी साखर वापरून रस टिकवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. म्हणजे मद्याचे काम साखरेने केले.

हे कसे होते? जंतूंना आणि बुरशीला वाढायला पाणी लागते. भरपूर साखर असली की ती पाणी धरून ठेवते आणि जंतूंच्या पेशींतले पाणीही बाहेर ओढून घेते. विज्ञानाच्या पुस्तकात आपण याला परासरण म्हणतो. कोकणातल्या घरांत हेच अमृत कोकम करताना घडते. रातांब्याच्या सालींच्या वाट्यांत साखर भरून बरणी उन्हात ठेवतात. साखर सालीतला रस ओढून घेते आणि काही दिवसांत लालभडक पाक तयार होतो. साखरेऐवजी मीठ वापरले की आगळ होते.

आता प्रत्यक्ष कृती. कोणत्याही सरबताचे चार खांब असतात : आंबट, गोड, खारट आणि पाणी. ५० ग्लासांसाठी हे प्रमाण घ्यावे :

लिंबाचा रस १ लिटर (साधारण ६० लिंबे)
साखर पाऊण किलो आणि तेवढेच पाणी, यांचा पाक
थंड पाणी किंवा सोडा साडेसात लिटर
मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड चवीपुरती

साखर थंड पाण्यात हळू विरघळते आणि तळाशी बसते. म्हणून आधी गरम पाण्यात पाक करून तो पूर्ण गार होऊ द्यावा. हा पाक पातळ असल्याने फार टिकत नाही, तो फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावा. रस मात्र उकळू नये, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होते. मीठ चिमूटभरच हवे. ते लिंबाचा कडवटपणा दाबते. चव बर्फ घातल्यानंतर घ्यावी, कारण थंडपणात गोडी कमी जाणवते. सोडा वापरायचा असेल तर तो सर्वांत शेवटी घालावा आणि नंतर जोरात ढवळू नये, नाहीतर त्यातला वायू निघून जातो.

या प्रमाणात एका ग्लासात १५ ग्रॅम साखर येते, म्हणजे सुमारे चार लहान चमचे. ३०० मिलिलिटर कोला पेयात सुमारे ३२ ग्रॅम असते. पाक वेगळ्या भांड्यात ठेवला तर आणखी एक सोय होते. ज्यांना साखर वर्ज्य आहे त्यांच्या ग्लासात तो घालायचाच नाही. रक्तदाब असलेल्यांसाठी मीठही तसेच बाजूला ठेवता येते.

लहान मुलांना रंगांचे थर फार आवडतात. ग्लासच्या तळाशी दोन चमचे अमृत कोकम घालावे, वर बर्फ भरावा आणि चमच्याच्या पाठीवरून साधा सोडा हळूहळू ओतावा. पाकाची घनता जास्त असल्याने तो खाली राहतो आणि वर पारदर्शक थर दिसतो. पिण्यापूर्वी ढवळायचे. भिजवलेला सब्जाही छान दिसतो, पण अगदी लहान मुलांच्या ग्लासात तो घालू नये. एक वर्षाखालील बाळांना मध असलेले काहीही देऊ नये. बर्फ पिण्याच्या शुद्ध पाण्याचाच हवा. सरबतामुळे पोट बिघडते तेव्हा बऱ्याचदा दोष पाण्याचा किंवा बर्फाचा असतो.

आपल्या वसतिगृहात देशभरातली मुले आहेत, आणि प्रत्येकाच्या घरी असे एक पेय आहे. उत्तराखंडात बुरांशच्या लाल फुलांचे सरबत होते. ओडिशात बेलाचा पणा करतात, आणि पणा संक्रांती हा सणच त्या नावाचा आहे. केरळचे कुलुक्की सरबत लिंबू, सब्जा आणि हिरवी मिरची घालून जोरजोरात हलवून देतात. यांतले एकही कशाची नक्कल नाही.

पुढच्या वार्षिक दिनाला मेसमध्ये बाटल्यांऐवजी अशी चार-पाच सरबते मांडता येतील. ग्लासवर 'मॉकटेल' लिहायची गरज नाही. पेयाचे आणि त्याच्या राज्याचे नाव लिहिले की पुरे.