लाभांशाचा दर : आकर्षण की इशारा?

निवृत्तीनंतरच्या उत्पन्नासाठी कॅनडातील अनेक सामान्य गुंतवणूकदार समभागांवरील लाभांशावर विसंबतात. बँक ऑफ मॉन्ट्रियल १८२९ पासून लाभांश देत आली आहे. म्हणजे हा विश्वास निराधार नव्हे. परंतु लाभांशाचा दर बाजारभावावर काढला जातो. भाव कोसळला की दर आपोआप फुगतो. बीसीई या दूरसंचार कंपनीचा वार्षिक लाभांश ३.९९ डॉलर होता. २०२५ मध्ये समभागाचा भाव ३० डॉलरच्या आसपास उतरताच हा दर सुमारे १३ टक्के दिसू लागला. मे महिन्यात कंपनीने लाभांशच १.७५ डॉलरवर आणला. मुदत ठेवीचे व्याज ठरलेले असते. लाभांश संचालक मंडळाच्या निर्णयावर अवलंबून असतो. म्हणून दराआधी कंपनीची मिळकत व कर्ज पाहावे आणि सारी बचत एकाच समभागात गुंतवू नये.